सेवावाहिनीतील वाहकाचे आकारमान

सेवावाहिनीतील वाहकाचे आकारमान म्हणजे वितरण वाहिनीच्या खांबापासून ग्राहकाच्या मीटरपर्यंत येणाऱ्या विद्युत तारेच्या काटछेदाचे आवश्यक क्षेत्रफळ. ते चौरस मिलिमीटरमध्ये (चौ. मिमी) सांगतात. व्यवहारात या तारेला ‘सर्व्हिस वायर’ किंवा ‘सर्व्हिस केबल’ म्हणतात. घरात वातानुकूलन यंत्र, गीझर, पाण्याचा पंप किंवा विद्युत वाहनाचा चार्जर आल्यावर ग्राहक मंजूर वीजभार वाढवून घेतो. अशा वेळी जुनी तार वाढीव प्रवाह सुरक्षितपणे वाहून नेईल किंवा नाही, हे नव्याने तपासावे लागते.

आकारमान ठरविताना तीन कसोट्या लावतात. तार मर्यादेपलीकडे तापू नये, तिच्यात विद्युतदाबाची घट प्रमाणाबाहेर होऊ नये आणि तिच्या संरक्षणासाठी बसविलेला खंडक तिच्या वहनक्षमतेपेक्षा मोठा असू नये. या तिन्ही कसोट्यांतून निघणाऱ्या आकारांपैकी सर्वांत मोठा आकार निवडावा लागतो. तार लांब असल्यास बहुधा दाबघटीची कसोटी निर्णायक ठरते.

## संज्ञा आणि जबाबदारीची सीमा

विद्युत अधिनियम, २००३ नुसार वितरण वाहिनीपासून एका ग्राहकाला, अथवा एकाच किंवा लगतच्या जागेतील ग्राहकांच्या गटाला, वीज पुरविणारी वाहिनी म्हणजे सेवावाहिनी होय. लघुदाब जोडणीत ग्राहकाच्या जागेत बसविलेल्या वितरण कंपनीच्या कटआउटची बाहेर जाणारी टोके हा पुरवठ्याचा बिंदू मानला जातो. त्याच्या अलीकडील तार कंपनीच्या अखत्यारीत येते, तर त्यापुढील मुख्य स्विच, वितरण पेटी व अंतर्गत तारजोडणी ही ग्राहकाची जबाबदारी असते.

* जोडभार – घरातील सर्व उपकरणांच्या नामनिर्देशित शक्तीची बेरीज.
* मंजूर भार – वितरण कंपनीने पुरविण्याचे मान्य केलेला भार.
* कमाल मागणी – एका वेळी प्रत्यक्षात घेतला जाणारा सर्वाधिक भार. सर्व उपकरणे एकाच वेळी पूर्ण शक्तीने चालत नसल्यामुळे ती जोडभारापेक्षा कमी असते.
* मागणी गुणक – कमाल मागणी आणि जोडभार यांचे गुणोत्तर.

## पार्श्वभूमी

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना २० जून १९६० रोजी झाली. ६ जून २००५ पासून मंडळाचे विभाजन होऊन वितरणाचे काम महावितरण या कंपनीकडे आले. मंडळाच्या काळात बांधलेल्या बहुतेक घरांत दिवे, पंखे, रेडिओ आणि फार तर इस्त्री एवढाच भार असे. त्या भाराला पुरेशी असलेली सेवा तार आजही अनेक जुन्या घरांत तशीच आहे.

जुन्या तारांची नावे ब्रिटिश गेज पद्धतीने सांगितली जात आणि वायरमन मंडळींच्या बोलण्यात ती अजूनही ऐकू येतात. त्यांतील पहिला आकडा पेडांची संख्या आणि दुसरा प्रत्येक पेडाचा गेज दर्शवितो. गेजचा आकडा जितका मोठा, तितका पेड बारीक असतो. क्षेत्रफळाने मोजल्यास ‘तीन-बावीस’ तार सुमारे १.२ चौ. मिमी, ‘सात-बावीस’ सुमारे २.८ चौ. मिमी आणि ‘सात-वीस’ सुमारे ४.६ चौ. मिमी भरते. जुन्या नोंदीवरून भारवाढीचा अंदाज घेताना हे रूपांतर उपयोगी पडते.

## तांबे आणि ॲल्युमिनियम

घरातील तारजोडणीत प्रामुख्याने तांबे वापरतात. खांबापासून मीटरपर्यंत मात्र हलके व स्वस्त असलेले ॲल्युमिनियम जास्त आढळते. ॲल्युमिनियमची घनता तांब्याच्या एकतृतीयांशापेक्षाही कमी आहे, पण त्याचा विद्युतरोध अधिक आहे. आयएस ८१३० या मानकानुसार १० चौ. मिमी ॲल्युमिनियम आणि ६ चौ. मिमी तांबे यांचा कमाल रोध २० अंश सेल्सिअस तापमानाला सारखाच, म्हणजे दर किलोमीटरला ३.०८ ओहम, असतो. ६ चौ. मिमी ॲल्युमिनियम आणि ४ चौ. मिमी तांबे यांचीही अशीच जोडी जमते; त्यांचा रोध ४.६१ ओहम असतो. म्हणून या लहान आकारांत तांब्याऐवजी ॲल्युमिनियम घेताना एक आकार वर जावे लागते.

सेवावाहिनीच्या केबलसाठी आयएस १५५४ (पीव्हीसी आवरण) आणि आयएस ७०९८ (एक्सएलपीई आवरण) ही मानके लागू पडतात. हवेतून नेलेल्या गुंफलेल्या आवरणयुक्त केबलसाठी आयएस १४२५५, तर घरातील पीव्हीसी तारांसाठी आयएस ६९४ हे मानक आहे. पीव्हीसी आवरणातील वाहकाचे तापमान सततच्या वापरात ७० अंशांपर्यंत आणि एक्सएलपीई आवरणातील वाहकाचे ९० अंशांपर्यंत चालते.

## आकारमान ठरविण्याची पद्धत

### प्रवाहाची गणना

सिंगल फेज जोडणीत विद्युतदाब २३० व्होल्ट धरून प्रवाह काढतात:

प्रवाह (अँपिअर) = कमाल मागणी (वॅट) ÷ (२३० × शक्तिगुणक)

थ्री फेज जोडणीत भार तिन्ही फेजांवर समान विभागलेला असल्यास प्रत्येक फेजवर एकतृतीयांश भार धरून हेच सूत्र वापरता येते.

### वहनक्षमता आणि तापमान

केबल उत्पादकांच्या तक्त्यांतील वहनक्षमता ठरावीक परिस्थितीसाठी दिलेली असते. भारतीय तक्त्यांत हवेचे तापमान सामान्यतः ४० अंश आणि जमिनीचे ३० अंश धरतात. प्रत्यक्ष तापमान याहून जास्त असल्यास क्षमता कमी होते, कारण आवरणाच्या मर्यादेपर्यंत तापण्यास तारेला कमी वाव उरतो. पीव्हीसी केबलसाठी घटीचा गुणक पुढीलप्रमाणे काढता येतो:

गुणक = √[(७० − प्रत्यक्ष तापमान) ÷ (७० − ४०)]

यावरून ४५ अंशांना गुणक सुमारे ०.९१ आणि ५० अंशांना सुमारे ०.८२ येतो. एकाच नळीतून अनेक केबल नेल्यास त्या एकमेकींना तापवितात, म्हणून त्यासाठी स्वतंत्र घटगुणक लावतात.

### विद्युतदाबातील घट

तारेच्या रोधामुळे खांबावरील दाबापेक्षा मीटरजवळचा दाब कमी भरतो. सिंगल फेज जोडणीत प्रवाह फेज तारेतून येतो आणि न्यूट्रल तारेतून परततो, म्हणून अंतराची दुप्पट धरावी लागते:

घट (व्होल्ट) = २ × अंतर (किमी) × रोध (ओहम प्रतिकिमी) × प्रवाह × शक्तिगुणक

लहान आकाराच्या तारांत प्रतिघात नगण्य असल्याने तो वरील सूत्रात सोडून दिला आहे. रोध मात्र २० अंशांचा न धरता तापलेल्या तारेचा धरावा. ७० अंशांना ॲल्युमिनियम व तांबे या दोहोंचा रोध सुमारे १.२ पट होतो.

महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या विनियमांनुसार लघुदाब पुरवठ्यात पुरवठ्याच्या बिंदूवरील दाब ठरलेल्या दाबाच्या ६ टक्के खाली किंवा वर असू शकतो. २३० व्होल्टसाठी ही मर्यादा २१६.२ ते २४३.८ व्होल्ट अशी येते. रोहित्रापासून शेवटच्या खांबापर्यंतची घट आणि सेवा तारेतील घट या दोन्ही तिच्यात मावल्या पाहिजेत.

### खंडकाशी मेळ

आयएस ७३२ या तारजोडणीच्या संहितेतील तत्त्वानुसार भाराचा प्रवाह खंडकाच्या नामनिर्देशित प्रवाहाहून जास्त नसावा आणि खंडकाचा नामनिर्देशित प्रवाह तारेच्या वहनक्षमतेहून जास्त नसावा. एमसीबी हा तारेचा रक्षक आहे. नामनिर्देशित प्रवाहाच्या १.४५ पट प्रवाह झाल्यास घरगुती आकारांतील एमसीबी एका तासाच्या आत तुटणे अपेक्षित असते. म्हणजे ६३ अँपिअरचा एमसीबी सुमारे ९१ अँपिअरपर्यंतचा प्रवाह बराच वेळ चालू देऊ शकतो. तार ४० अँपिअरच्याच क्षमतेची असेल, तर एवढ्या वेळात तिचे आवरण मऊ पडून खराब होते.

लघुपरिपथाच्या वेळी तार अल्पकाळ किती प्रवाह सहन करील, हे क्षेत्रफळावर अवलंबून असते. पीव्हीसी आवरणाच्या ॲल्युमिनियम तारेसाठी दर चौ. मिमीला ७६ आणि तांब्यासाठी ११५ हा स्थिरांक धरतात. त्यानुसार १६ चौ. मिमी ॲल्युमिनियम तार एक सेकंदापर्यंत सुमारे १,२०० अँपिअर सहन करते.

## उदाहरण

खांबापासून मीटरपर्यंत ४५ मीटर अंतर असलेले एक नमुन्यादाखल घर घेऊ. दीड टनाची दोन वातानुकूलन यंत्रे (३.२ किलोवॅट), गीझर (२), पाण्याचा पंप (१.१), मायक्रोवेव्ह (१.२), इस्त्री (१), धुलाई यंत्र (०.५), फ्रीज (०.२) आणि दिवे, पंखे, दूरदर्शन संच (०.८) मिळून जोडभार १० किलोवॅट होतो. मागणी गुणक ०.६ धरल्यास कमाल मागणी ६ किलोवॅट आणि शक्तिगुणक ०.९ धरल्यास प्रवाह सुमारे २९ अँपिअर येतो. त्यासाठी ३२ अँपिअरचा खंडक लागेल.

दोन गाभ्यांची ॲल्युमिनियमची पीव्हीसी केबल हवेतून नेली आहे, तिच्या भोवतालचे तापमान ५० अंश आहे आणि खांबावर २२४ व्होल्ट दाब आहे, असे धरल्यास पुढील चित्र मिळते.

| आकार (चौ. मिमी) | ५० अंशांना वहनक्षमता (अँपिअर) | घट (व्होल्ट) | घट (२३० व्होल्टच्या टक्केवारीत) | मीटरजवळील दाब (व्होल्ट) |
|---|---|---|---|---|
| ४ | २२ | २०.९ | ९.१ | २०३.१ |
| ६ | २८.६ | १३.० | ५.७ | २११.० |
| १० | ३८ | ८.७ | ३.८ | २१५.३ |
| १६ | ४८ | ५.४ | २.३ | २१८.६ |
| २५ | ६४ | ३.४ | १.५ | २२०.६ |

४ चौ. मिमी तार दोन्ही कसोट्यांत अपुरी पडते. तिच्यात सुमारे पावणेसातशे वॅट शक्ती केवळ उष्णतेच्या रूपात खर्च होते. ६ चौ. मिमी तारेची क्षमता ३२ अँपिअरच्या खंडकापेक्षा कमी आहे. १० चौ. मिमी तार प्रवाहाच्या कसोटीस उतरते, परंतु मीटरजवळील दाब २१६.२ व्होल्टच्या खाली जातो. म्हणून येथे १६ चौ. मिमी हा योग्य आकार ठरतो. हेच घर खांबापासून १५ मीटरवर असते, तर १० चौ. मिमी तारेतील घट ३ व्होल्टच्या आतच राहिली असती आणि ती पुरेशी झाली असती.

## सिंगल फेज आणि थ्री फेज

महाराष्ट्रात सिंगल फेज पुरवठा सर्वसाधारणपणे ४० अँपिअरपर्यंत दिला जातो. शक्तिगुणकानुसार तो ८ ते ९ किलोवॅटच्या कमाल मागणीस पुरतो. त्यापुढे थ्री फेज जोडणी घ्यावी लागते. भार तिन्ही फेजांवर समान वाटल्यास त्याच आकाराच्या तारेत दाबाची टक्केवारीतील घट आणि उष्णतेच्या रूपातील व्यय सिंगल फेजच्या सुमारे एकषष्ठांश होतो, कारण प्रत्येक फेजचा प्रवाह एकतृतीयांश असतो आणि न्यूट्रल तारेत प्रवाह जवळपास नसतो.

घरात असे समान वाटप क्वचितच साधते. वरील घराने ७.४ किलोवॅटचा सिंगल फेज वाहन चार्जर घेतला, तर एका फेजवर ३२ अँपिअर प्रवाह सलग काही तास वाहील. उरलेला ६ किलोवॅट भार इतर दोन फेजांवर वाटल्यास तेथे प्रत्येकी सुमारे १४.५ अँपिअर प्रवाह राहील. सरासरी काढल्यास दर फेजला वीस-एकवीस अँपिअरच येतात. पण तार सरासरीवर निवडून चालत नाही. सर्वाधिक भाराच्या फेजवरून, म्हणजे ३२ अँपिअरवरून आकार ठरवावा लागतो. या असमतोलात न्यूट्रल तारेतूनही सुमारे १७.५ अँपिअर प्रवाह परततो. चार गाभ्यांच्या १६ चौ. मिमी ॲल्युमिनियम पीव्हीसी केबलची हवेतील क्षमता ४० अंशांना ५१ आणि ५० अंशांना सुमारे ४१ अँपिअर असल्याने ती ४० अँपिअरच्या खंडकासह येथे पुरते. चार्जरच्या सलग चालणाऱ्या भाराला मागणी गुणकाची सूट देत नाहीत.

## न्यूट्रल आणि भूसंपर्कन

थ्री फेज जोडणीत न्यूट्रल तार तुटली किंवा तिचा जोड सैल झाला, तर कमी भाराच्या फेजवरील दाब वाढून ४०० व्होल्टच्या दिशेने जाऊ शकतो आणि त्या फेजवरील उपकरणे जळतात. म्हणून घरगुती जोडणीत न्यूट्रल तार फेज तारेच्याच आकाराची ठेवणे इष्ट असते. ‘साडेतीन गाभ्यांच्या’ केबलमध्ये न्यूट्रलचा आकार सुमारे निम्मा असतो. असमतोल भारासाठी व इलेक्ट्रॉनिक उपकरणांची संख्या जास्त असलेल्या घरांसाठी चार पूर्ण गाभ्यांची केबल अधिक योग्य ठरते.

सेवा तार मोठी केल्यावर भूसंपर्कनाची (अर्थिंगची) तारही तपासावी लागते. एकाच धातूच्या तारा असल्यास फेज तार १६ चौ. मिमीपर्यंत असताना संरक्षक तार तिच्याइतकीच, १६ ते ३५ चौ. मिमीसाठी १६ चौ. मिमी आणि त्यापुढे फेज तारेच्या निम्मी ठेवतात. भूसंपर्कनासाठी आयएस ३०४३ ही संहिता आहे. गळतीच्या प्रवाहामुळे बसणाऱ्या धक्क्यापासून संरक्षण देणारा खंडक (आरसीसीबी) एमसीबीहून वेगळा असतो. तार कितीही जाड केली, तरी त्याचे काम ती करू शकत नाही.

## उभारणी आणि जोड

योग्य आकाराची तारही चुकीच्या जोडामुळे निकामी होते. ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर हवेच्या संपर्काने वीजरोधक थर साचतो. स्क्रूच्या दाबाखाली हा धातू हळूहळू पसरतो आणि जोड सैल पडतो. तांबे व ॲल्युमिनियम थेट जोडल्यास ओलाव्यात ॲल्युमिनियमची झीज होते. यासाठी द्विधातू लग वापरून तो योग्य साच्याने दाबतात. मीटरच्या टोकांजवळ काळवंडलेले आवरण, जळका वास किंवा दिव्यांची फडफड ही सैल जोडाची लक्षणे आहेत.

हवेतून येणारी केबल जस्तलेपित आधारतारेला बांधतात, जेणेकरून ताण वाहकावर येत नाही. रस्ता ओलांडणाऱ्या लघुदाब तारेची जमिनीपासून उंची किमान ५.८ मीटर आणि रस्त्याच्या कडेने जाणाऱ्या तारेची ५.५ मीटर असावी लागते. इमारतीजवळून जाणाऱ्या उघड्या लघुदाब तारा गच्चीपासून उभ्या दिशेने २.५ मीटर आणि भिंतीपासून आडव्या दिशेने १.२ मीटर दूर असाव्या लागतात. घरावर मजला चढविताना ही अंतरे कमी होतात, म्हणून वीजभार वाढविताना तारेचा मार्गही तपासतात.

## पडेगाव परिसरातील स्थिती

पडेगाव ही छत्रपती संभाजीनगर शहराच्या पश्चिमेस, छावणीपलीकडे दौलताबाद–वेरूळकडे जाणाऱ्या रस्त्यावरील वसाहत आहे. गाव, जुन्या वसाहती आणि नवे भूखंड अशा मिश्र वस्तीत सेवा तारेचा प्रश्न तीन कारणांनी महत्त्वाचा ठरतो.

पहिले कारण अंतर. नव्या भूखंडांवर घरे विरळ असताना खांब दूर राहतो आणि तार लांबते. तेथे वहनक्षमतेपेक्षा दाबघट आधी आडवी येते. दुसरे कारण उन्हाळा. एप्रिल-मे महिन्यांत शहराचे कमाल तापमान ४० अंशांच्या आसपास किंवा त्याहून वर जाते. गच्चीच्या कठड्यावरून किंवा पत्र्यालगत नेलेल्या, थेट उन्हात असलेल्या काळ्या केबलभोवतीचे तापमान त्याहूनही जास्त असते. नेमक्या याच दिवसांत कूलर व वातानुकूलन यंत्रांमुळे मागणी सर्वाधिक असते. म्हणजे तारेची क्षमता सर्वांत कमी असते, तेव्हाच तिच्यावरचा भार सर्वांत मोठा असतो.

तिसरे कारण पाणी. शहरात जायकवाडीहून येणारे नळाचे पाणी रोज येत नाही, ते काही दिवसांच्या अंतराने ठरलेल्या वेळी सुटते. त्या वेळी एका गल्लीतील बहुतेक पंप एकदमच चालू होतात. एका घरासाठी धरलेला मागणी गुणक अशा वेळी शेजारच्या घरांसह एकत्रितपणे लागू पडत नाही. खांबावरचाच दाब उतरतो, आणि दाब कमी झाला की पंपाची मोटर अधिक प्रवाह ओढून तापते. अशा गल्लीत सेवा तारेतील प्रत्येक वाचलेला व्होल्ट उपयोगी पडतो; मात्र वितरण वाहिनी किंवा रोहित्रच अपुरे असेल, तर केवळ सेवा तार जाड करून दाब सुधारत नाही.

## भारवाढीची प्रक्रिया

ग्राहक महावितरणकडे वाढीव भारासाठी अर्ज करतो. अंतर्गत तारजोडणी वाढीव भारास योग्य असल्याचा चाचणी अहवाल परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून घ्यावा लागतो. कंपनी सेवा तार, कटआउट, मीटर तसेच गरजेनुसार वितरण वाहिनी व रोहित्र यांची क्षमता तपासते. वीज ग्राहक हक्क नियमांतील २०२४ च्या दुरुस्तीनुसार नवीन जोडणी किंवा जोडणीतील बदलासाठी महानगर क्षेत्रात ३, अन्य नगरपालिका क्षेत्रांत ७ आणि ग्रामीण भागात १५ दिवसांची मुदत आहे. वाहिनीचा विस्तार किंवा नवे उपकेंद्र आवश्यक असल्यास अधिक वेळ लागतो. खांबावरील व मीटरपूर्वीच्या तारेला ग्राहकाने किंवा खासगी वायरमनने हात लावणे धोकादायक व बेकायदेशीर आहे.

## छतावरील सौर संच

सौर संच बसविल्यावर त्याच सेवा तारेतून वीज उलट दिशेने वाहिनीकडे जाते. अशा वेळी तारेतील रोधामुळे घराजवळचा दाब खांबापेक्षा वाढतो. दाब मर्यादेबाहेर गेल्यास इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो आणि भर दुपारी, ऊन सर्वाधिक असताना, निर्मिती थांबते. लांब व बारीक सेवा तारेच्या घरांत हा अनुभव येतो. वर उल्लेखिलेल्या नियमांनुसार १० किलोवॅटपर्यंतच्या छतावरील संचाला तांत्रिक व्यवहार्यतेच्या अभ्यासाशिवाय मान्यता मिळते, तर ५ किलोवॅटपर्यंतच्या संचासाठी लागणारे वितरण यंत्रणेचे बळकटीकरण कंपनीने स्वखर्चाने करावयाचे असते.

## प्रचलित गैरसमज

* ‘एमसीबी वारंवार पडतो, म्हणून मोठा बसवावा.’ एमसीबी पडणे ही सूचना आहे. तार न बदलता खंडक मोठा केला किंवा फ्यूजमध्ये जाड तार घातली, तर सुरक्षेचा तो एकमेव अडथळा दूर होतो.
* ‘मंजूर भार वाढला, म्हणजे तारही बदलली.’ कागदावरील मंजुरी आणि प्रत्यक्ष तार या भिन्न बाबी आहेत. तारेच्या आवरणावर छापलेला आकार वाचून खात्री करता येते.
* ‘मीटरपर्यंत जाड तार आली, की काम झाले.’ मीटरपासून वितरण पेटीपर्यंतची तार जुनीच राहिल्यास संपूर्ण जोडणीची क्षमता तिच्याइतकीच राहते.
* ‘थ्री फेज घेतले, की बिल कमी होते.’ उपकरणे तेवढीच ऊर्जा घेतात. तारांतील व्यय कमी होतो, पण मीटरपूर्वीच्या तारेतील व्यय ग्राहकाच्या बिलात मुळातच येत नाही.

## हेही पहा

* ओहमचा नियम
* महावितरण
* रोहित्र
* भूसंपर्कन
* विद्युत अधिनियम, २००३